उन्हाळ्यातलं धावणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिवाळ्यात दहा किलोमीटर 65 मिनिटांत व्हायचे. एप्रिल लागल्यापासून 75 लागतात, तरी धाप लागते. दम कमी झाला का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. उकाड्यात अंग गार ठेवण्यासाठी बरंचसं रक्त त्वचेकडे वळतं. स्नायूंनाही रक्त हवंच असतं, म्हणून हृदयाचे ठोके वाढतात आणि नेहमीचाच वेग जड जातो. जून उजाडेपर्यंत घड्याळात वेग बघूच नका. सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतपतच पळा. दोन शब्दांवर श्वास तुटला की चालायला लागा. शरीर उन्हाला सरावायला 10 ते 14 दिवस लागतात, तोवर अंतर कमी ठेवा.

मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास उगवतो. पाचला निघून साडेसहाला घरात आलात तर उत्तम. संध्याकाळी सातला ऊन उतरलेलं असतं खरं, पण डांबर आणि भिंती दिवसभराची धग सोडत असतात. पर्याय असेल तर पहाटच निवडा.

प्रश्न : पळून आल्यावर दोन लिटर पाणी पितो, तरी दुपारी डोकं धरतं. काळ्या टी-शर्टवर पांढरे डागही पडतात. काय चुकतंय? (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : ते डाग मिठाचे आहेत. घामातून मीठ गेलं आणि तुम्ही भरून काढलं नुसतं पाणी. शिवाय सोलापूरची हवा कोरडी, घाम लगेच उडून जातो. टी-शर्ट फारसा भिजला नाही म्हणजे घाम कमी आला, असं समजू नका.

अंदाज सोडा, वजन करा. निघण्याआधी लघवी करून, कपडे काढून काट्यावर उभे राहा. आल्यावर अंग टॉवेलने कोरडं करून पुन्हा तसंच. समजा 68 किलोचे 67.1 झाले आणि वाटेत 300 मिली प्यायलात, तर घाम गेला सुमारे 1.2 लिटर. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. 68 किलोला ही मर्यादा जवळपास 1.35 किलो. उलट वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, आणि तेही धोक्याचंच, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं.

घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, तेही दोन-तीन तासांत थोडं थोडं प्या. लांब पळालात तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. हे चमचे चहाचे, आणि मिठाचा अंदाज हाताने घेऊ नका. एरवी मीठ घातलेलं ताक आणि नाश्त्याला भाकरी-शेंगाचटणी पुरते. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

मानेवर ओलं फडकं ठेवायचं तर पातळ पंचा घ्या. सोलापुरी टेरी टॉवेल अंग पुसायला झकास, पण भिजला की त्याचे फासे पाणी धरून ठेवतात आणि मानेवर ओझं होतं.

प्रश्न : घामाने भिजलेले बूट गच्चीवर उन्हात वाळवले, तर तळवा सुटला. (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : कडक उन्हात डिंक मऊ पडतो, फोमही खराब होतो. आतली पट्टी काढा, नाड्या सैल करा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली ठेवा.

प्रश्न : सोबतच्याला ऊन लागलं हे कसं ओळखावं? (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : बोलण्याकडे लक्ष द्या. असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, उगाच चिडला, तर तो नुसता थकवा समजू नका. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. 108 ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आडवं करा, बूट आणि जादा कपडे काढा, अंगभर गार पाणी ओतत राहा, वारा घाला; बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.