समोरच्याला न सांगता फोन रेकॉर्ड केला तर गुन्हा ठरतो का?

तुमचा घरमालक फोनवर 'डिपॉझिट देतो' म्हणतो आणि भेटल्यावर 'कसलं डिपॉझिट?' विचारतो. त्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं तर आपणच आत जाऊ का, अशी तुम्हाला धास्ती आहे.

नाही जाणार. ज्या बोलण्यात आपण स्वतः आहोत ते टिपलं म्हणून शिक्षा देणारं कलम माझ्या वकिलाला तरी सापडलं नाही. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टिपलंत तर ते टॅपिंग, तो गुन्हा. बाकीचं नंतर, आधी माझं ऐका.

२०१९ मध्ये मी चुलत्यांना, म्हणजे अण्णांना, बोअर आणि मोटारीसाठी दीड लाख दिले. रोख. घरातल्या माणसाकडून कागद कोण करून घेतो? दोन वर्षांनी मागायला लागलो तर 'उसाचं बिल येऊ दे'. मग चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, वडिलांना पैसे मिळालेच नाहीत. मी अण्णांना फोन लावला. माझ्या तेव्हाच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. अकरा मिनिटं बोललो. नवव्या मिनिटाला अण्णा म्हणाले, "तुझे दीड लाख बुडवणार नाही रे, फक्त पोराला कळू देऊ नको."

गौरीजेवणाला सगळे गावी जमलो. भावाने पुन्हा तोच सूर लावला. मी फोन काढून पंगतीत मधोमध ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीपासून. तिसऱ्या मिनिटाला अण्णा मला सांगत होते की काकूच्या गाठीचा रिपोर्ट आलाय, तिला अजून सांगितलेलं नाही. काकू तेव्हा पोळीवर तूप वाढत होती. वाटी तिरकी ती तिरकीच राहिली, माझ्या पानात तुपाचं तळं झालं.

महिन्याभरात पैसे खात्यात आले, एका शब्दाशिवाय. (काकू आता बरी आहे.)

तेव्हापासून माझा आणि दादाचा वाद चालू आहे. तो म्हणतो, चोरून रेकॉर्ड करणं म्हणजे दाराला कान लावणं. मी म्हणतो, वाजवलं ते चुकलं, टिपलं ते नाही. 'सांगून तरी करायचंस' म्हणे! सांगितलं असतं तर अण्णांनी पाऊसपाण्यावर अकरा मिनिटं काढली असती. मलकानी खटल्यात मुंबईच्या कोरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाच मागितली ती फोनवरच. पलीकडच्या डॉक्टरच्या संमतीने लाचलुचपतवाल्यांनी टेप लावला होता, कोरोनरला गंधही नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ती टेप पुरावा म्हणून मान्य केली. २०२५ च्या जुलैमध्ये तर नवऱ्याने चोरून टिपलेलं बायकोचं बोलणंही घटस्फोटाच्या दाव्यात चालेल म्हणाले. हे सगळं मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कोर्ट पुराव्याचं बोलतंय, मी काकूचं बोलतोय." त्याचं हे नेहमीचं, मुद्दा सोडून बोलायचं.

आता तुमचं. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. मी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून फोन फॉरमॅट मारला होता, वकिलाने डोक्यावर हात मारून घेतला. जालन्याच्या खोतकर–गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० मध्ये ठरलंय की नक्कल द्यायची तर ती कुठल्या फोनवरून, कशी काढली याचं प्रमाणपत्र सोबत हवंच. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं, एक भाग तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने. शिवाय फोनवरच्या 'देतो'ने वसुलीची तीन वर्षांची मुदत वाढत नाही, त्याला लेखी आणि सही लागते. २०१७ पासून खाजगीपणा मूलभूत हक्क आहे, तेव्हा क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकलीत तर उलटा दावा तुमच्यावरच येऊ शकतो. आणि मालक कॅलिफोर्नियात वगैरे बसून बोलत असेल तर तिथे सगळ्यांची संमती लागते, हा माझा सगळा शहाणपणा तिथे चालणार नाही.

खरं तर डिपॉझिट बँकेतून दिलं असेल तर रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडताच कशाला? स्टेटमेंट काढा आणि नोटीस पाठवा. मीही तेव्हा चेक दिला असता तर आज गौरीजेवणाच्या दिवशी दादाने उंबऱ्यापाशी हात पुढे केला नसता. फोन बाहेर ओट्यावर ठेवायचा, मग पानावर बसायचं. हा नियम घरात फक्त मला आहे.