फुटी की इंजिनीअरिंग? आधी मुलाचा वाढदिवस बघा

मेलबर्नच्या टार्नीटहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा इयर 10 मध्ये आहे, वेस्टर्न जेट्सच्या (इथल्या तरुण पोरांचा फुटी क्लब) अंडर-16 स्क्वॉडमध्ये निवड झालीये आणि आता म्हणतो मी एएफएलच खेळणार, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, आपल्या फुटीची, सगळ्यात मोठी लीग. बाबांचं म्हणणं, गणित एवढं छान आहे तर सरळ इंजिनीअरिंग कर, आणि बारावीच्याच वर्षी ड्राफ्ट (क्लब नवे खेळाडू निवडतात तो) असतो म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे. आईला डोक्याच्या दुखापतीची भीती, शिवाय मुलाची उंची 174 सेंटीमीटर, गोऱ्या पोरांपुढे टिकेल का हा प्रश्न.

नमस्कार ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीये, "वर्गात सगळ्यात लहान आहे, मार्चमध्ये 15 पूर्ण झाली". ती मी दोनदा वाचली, कारण तुमच्या घरातलं अर्धं भांडण तिथेच सुटतंय. एएफएलच्या ड्राफ्टला नाव द्यायचं तर त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत 18 पूर्ण लागतात. त्याच्या वर्गातली बहुतेक मुलं इयर 12 मध्येच 18 ची होतील, त्यांचं मात्र खरंच अवघड असतं, ऑक्टोबरमध्ये ड्राफ्ट कम्बाइन, म्हणजे शारीरिक चाचण्या (दोन किलोमीटर धावणं, 20 मीटर स्प्रिंट, उडी वगैरे), लगेच व्हीसीईचे, म्हणजे इथल्या बारावीचे पेपर, आणि नोव्हेंबर संपता संपता ड्राफ्ट. तुमचा मुलगा इयर 12 ला 17 चाच असेल, म्हणजे त्याचा ड्राफ्ट बारावी झाल्याच्या पुढच्या वर्षी. अटार (बारावीवरून मिळणारी रँक) हातात, युनिव्हर्सिटीची ऑफर हातात, आणि टॅलेंट लीगमध्ये, म्हणजे जेट्स खेळतात त्या पोरांच्या लीगमध्ये, खेळायला अख्खं वर्ष मोकळं. बाबांना एवढं एक गणित मांडून दाखवा, ते स्वतः इंजिनीअर आहेत म्हणता, त्यांना लगेच पटेल.

आता हे करिअर आहे का, तर आहे, पण दार फार अरुंद आहे. 18 क्लब, एकेका क्लबकडे चाळीस-बेचाळीसच्या वर खेळाडू, म्हणजे सगळे मिळून आठशेच्या आसपास. नॅशनल ड्राफ्टमध्ये दरवर्षी साठ-सत्तर पोरं घेतली जातात आणि तेवढीच जुनी पोरं बाहेर पडतात, हे दुसरं कुणी सांगत नाही. 2028 ला टास्मानियाचा क्लब येतोय, नेमका तुमच्या मुलाच्या ड्राफ्टच्या आसपास, तेवढ्या जागा वाढतील. पैसा चांगला आहे, लीग आणि खेळाडूंच्या 2023 च्या करारानुसार 2027 पर्यंत सरासरी कमाई वर्षाला 5 लाख डॉलरच्या वर जाणार आहे, पण सरासरी मोठ्या स्टार्समुळे फुगते, नवीन पोराला त्यातला लहान हिस्साच मिळतो. पहिला करार दोन वर्षांचा, पहिल्या फेरीत निवडलेल्यांना तीन. त्यानंतर क्लबला वाटलं नाही तर विसाव्या-एकविसाव्या वर्षी रामराम. आणि क्रिकेटसारखं नाही की इथे नाही जमलं तर दुसऱ्या देशातल्या लीगमध्ये जाऊ, हा खेळ प्रोफेशनल फक्त ऑस्ट्रेलियातच आहे, त्याखाली व्हीएफएल, एसएएनएफएल, डब्ल्यूएएफएल या राज्यांच्या लीग, जिथे लोक नोकरी करून खेळतात.

ड्राफ्टमध्ये क्लब आपण निवडत नाही हेही डोक्यात असू द्या. नाव पर्थच्या क्लबने घेतलं तर आठवड्याभरात बॅग भरून पर्थ, अठराव्या वर्षी, अनोळखी घरात, कारण क्लब नव्या पोरांना बरेचदा होस्ट फॅमिलीकडे ठेवतात. आमच्याकडे येणाऱ्या आयांना ह्याच्यासमोर दुखापत वगैरे काही वाटत नाही, एकदम विचारतात, जेवायचं काय करेल? तर कुकर लावायला आत्ताच शिकवा, मी गंमत करत नाहीये.

उंचीचं अजिबात मनावर घेऊ नका. केलेब डॅनियल 168 सेंटीमीटरचा, 2014 च्या ड्राफ्टमध्ये 46 वा नंबर, 2016 मध्ये वेस्टर्न बुलडॉग्सबरोबर प्रीमियरशिप (एएफएलचं विजेतेपद) जिंकला आणि 2020 मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन टीममध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत. पंधराव्या वर्षी 174 म्हणजे अजून वाढणारही आहे. स्काउट उंचीपेक्षा बघतात की पोरगा किती धावतो आणि दमल्यावर किक कशी लागते, मिडफिल्डर एका मॅचमध्ये तेरा-चौदा किलोमीटर धावतात. आणि आपल्यासारख्या घरातल्या पोरांसाठी क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकॅडमी (पोरांना तयार करणाऱ्या) आहेत, आई किंवा बाबा आशियात जन्मलेले असले तर बसतं त्यात. तुमच्या भागाची अकॅडमी कोणत्या क्लबची आहे ते जेट्सच्या टॅलेंट मॅनेजरला विचारा, नियम बदलत असतात म्हणून लेखी घ्या. आपल्या लोकांना वाटतं विचारलं तर बरं दिसणार नाही, अहो त्यांचं कामच आहे ते. बाचर हूली रिचमंडकडून तीन प्रीमियरशिप जिंकला, घरचे लेबनीज, म्हणजे आपल्यासारखेच बाहेरून आलेले, रोजे पाळणारा, त्यामुळे "आपल्यातलं कोण खेळतं" हे बाबांनी म्हणू नये.

डोक्याचा प्रश्न मात्र तुमचा खरा आहे आणि तिथे मी गोड बोलणार नाही. डॅनियल हेल्मेट घालून खेळतो म्हणून आया विचारतात, तर हेल्मेटने खरचटणं वाचतं, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. मेलबर्न क्लबचा अँगस ब्रेशॉ 2024 मध्ये 28 व्या वर्षी याच कारणाने निवृत्त झाला. कम्युनिटी फुटीत कन्कशन (मेंदूला हादरा) झालं की कमीत कमी 21 दिवस मॅच बंद असा नियम आहे. तुम्ही घरात एक नियम वेगळा करा, डोक्याला लागलं की पोराने पहिलं तुम्हाला सांगायचं, मॅच फायनल असली तरी, आणि सांगितल्यावर बाबांनी ओरडायचं नाही, कारण ओरडलात की पुढच्या वेळी लपवेल. हे पटत नसेल तर मुलाला आत्ताच थांबवलेलं बरं, इतकं मी स्पष्ट सांगते.

अभ्यासाचं. इयर 11 मध्येच एखादा विषय युनिट 3-4 ला (बारावीच्या पातळीवर) घेऊन टाका म्हणजे बारावीत एक विषय कमी राहतो, मॅथ्स मेथड्स (व्हीसीईचा गणिताचा विषय) सोडू नका, इंजिनीअरिंगचं दार त्यावर उघडं राहतं. ऑफर आली की वर्षभर डिफर करता येते, म्हणजे पुढे ढकलता येते, नाहीतर दोन विषय पार्ट टाइम. ड्राफ्ट झाला तरी शिक्षण थांबत नाही, प्लेयर्स असोसिएशन शिकण्यासाठी पैसे देते, बरेच खेळाडू हळूहळू डिग्री पूर्ण करतात. आणि अठराव्या वर्षी नाव नाही आलं तर जग बुडत नाही, मिड-सीझन ड्राफ्ट असतो, मार्लियन पिकेटला रिचमंडने 2019 मध्ये तसंच घेतलं, वय 27, आणि त्याची पहिलीच एएफएल मॅच थेट ग्रँड फायनल. अर्थात असला एखादाच, त्यावर घर बांधू नका.

शाळेचा विषय निवडायचा फॉर्म टर्म 3 मध्ये येईल. भरायच्या आधी मला पाठवा, स्पेशालिस्ट मॅथ्स (त्याहून अवघड गणित) झेपेल का ते त्याचे इयर 10 चे मार्क बघून ठरवू, आणि त्या कॉलवर बाबांनाही बसवा.