संख्येचे मूळ अवयव पाडायला नेरुळचा पिनकोड घे
अवयव पाडायला शिकताना शंभर अंकी आकड्यांच्या नादी आत्ताच लागू नकोस. नेरुळचा पिनकोड पुरे: ४००७०६. मोबाइल बाजूला ठेव.

सम आहे, २ काढ. उरले २००३५३. आता ७, ११, १३ वेगवेगळे तपासू नकोस. तिघांचा गुणाकार १००१; त्याची २०० पट (२००२००) काढून टाकायची, म्हणून ३५३ मधून २०० वजा कर. १५३ ला तिघांपैकी कुणीच भागत नाही. सुटलास! १७, १९ पण नाहीत. २३ ने जातो, उरले ८७११.

नवखे इथेच चुकतात. मूळ आकड्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६३३ पर्यंत, भागत बसतात. अरे, उरलेल्या ८७११ चं वर्गमूळ बघ, मर्यादा आता ९३ वर आली! ३१ ने भाग, उरतो २८१. तो मूळ संख्या का, ते तूच सांग.

(१ ला मूळ संख्या धरू नकोस, तेवढं सांभाळ.)

पुढे वाशीचा ४००७०३ घे. ८० पर्यंत काहीच लागणार नाही, वैतागू नकोस.