पूर आणि गोठा : तुमचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरे

प्रश्न : पूर आला की छावणीत डॉक्टर येऊन लस टोचतातच. मग घटसर्पाची (जनावरांच्या गळासुजीच्या जीवघेण्या रोगाची) लस मे महिन्यातच घ्या, असा आग्रह का? (शिरोळ)

उत्तर : लस टोचली त्या दिवशी जनावर सुरक्षित होत नाही. प्रतिकारशक्ती यायला दोन ते तीन आठवडे लागतात. २०१९चा महापूर ऑगस्टमध्ये आला, २०२१चा जुलैत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते तेव्हा लसीसाठी धावपळ करून उपयोग नसतो. मेअखेर टोचून झालेली हवी.

घटसर्पाचे जंतू निरोगी दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशातही असतात. भिजणे, उपास आणि दाटी यांनी जनावर खचले की ते उचल खातात. १०५-१०६ अंश ताप, लाळ, गळ्याखाली गरम सूज, श्वासाची घरघर. चोवीस तासांत जनावर हातचे जाऊ शकते. म्हणून छावणीत रोज सकाळी थर्मामीटर लावणे हे डॉक्टरांचे सर्वांत मोलाचे काम आहे. गळा सुजल्यावर दिलेले इंजेक्शन फार वेळा उशिराचे ठरते. ताप निघालेले जनावर लगेच वेगळे बांधा, त्याची बादलीही वेगळी ठेवा.

प्रश्न : पुरातून काढलेली म्हैस दोन दिवस उपाशी होती. लोकांनी मायेने चपात्या, भात खाऊ घातला आणि ती बसलीच. काय चुकले? (पलूस)

उत्तर : मदत चुकीच्या वस्तूची झाली. रिकाम्या कोठीपोटात पीठ किंवा भात एकदम पडला की तो झपाट्याने आंबतो, आम्ल तयार होते आणि रवंथ थांबते. शेण पातळ व आंबूस वासाचे होते, डोळे खोल जातात, जनावर उठत नाही. अशा वेळी डॉक्टरांना ‘काय आणि किती खाल्ले’ हे आधी सांगा, उपचार त्यावरच ठरतात. बसलेल्या जनावराला बाटलीने काहीही पाजू नका. ते श्वासनळीत उतरते आणि न्यूमोनियाने जनावर दगावते.

उपाशी जनावराला आधी स्वच्छ पाणी, मग थोडा थोडा कोरडा कडबा द्यावा. तीन-चार दिवसांनी भरडा, पेंड सुरू करावी. छावणीत मोठ्या जनावरामागे दिवसाला निदान पाच-सहा किलो कोरडी वैरण आणि ४० ते ६० लिटर पाणी धरा. आपल्याकडे उसाचे वाढे (शेंड्याकडची हिरवी पाने) भरपूर येते. पण नुसत्या वाढ्यातले ऑक्झलेट अंगातले कॅल्शियम बांधून ठेवते आणि दुभती जनावरे अशक्त होतात. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा द्या. बुरशी आलेली वैरण धुऊन, वाळवूनही चालत नाही, ती फेकाच.

प्रश्न : जनावर दगावले तर भरपाईसाठी काय करावे? (चिपळूण)

उत्तर : डॉक्टरांनी पाहून मृत्यूचा दाखला दिल्याशिवाय आणि पंचनामा झाल्याशिवाय पुरू नका. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक हा मोठा पुरावा. वाहून गेलेल्या जनावराचा बिल्ला कुठून दाखवणार? म्हणून जूनमध्येच प्रत्येक जनावराचा बिल्ल्यासह फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. २०२२-२३ ते २०२५-२६च्या केंद्रीय निकषांत गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० रुपये आणि ओढकामाच्या बैलाला ३२,००० रुपये मदत ठरली होती.

खड्डा सहा फूट खोल, विहिरीपासून दूर घ्या, वर चुना टाका. पोटात वायू धरला की मृतदेह फुगून माती उचलतो, म्हणून डॉक्टर पोटाला छेद देतात. नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर मात्र कुणीही छेद देऊ नये, कातडे काढू नये. तो फाशी म्हणजे काळपुळी रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो.

प्रश्न : रात्रीत पाणी वाढले आणि जनावरे हलवता आली नाहीत तर? (करवीर)

उत्तर : दावी सोडा. गाई-म्हशी पोहतात, बांधलेली जनावरे मात्र जागच्या जागी बुडतात. पोहून आलेल्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, खोकला, नाकातून घाण वास आला तर पाणी फुप्फुसात गेले आहे असे समजा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. पावसाळ्यात साखळीऐवजी सुताचे दावे वापरा. साखळी विळ्याने तुटत नाही, आणि विळा गोठ्याच्या दारालाच अडकवलेला असू द्या.