४ आणि ७ वर्षांच्या मुलांना घेऊन इटलीतल्या अल्बेरोबेल्लोला जावं का? बाबागाडी चालेल का, आणि रात्री ट्रुल्लोतच (टोकदार दगडी छपराचं तिथलं जुनं घर; अनेकवचन ट्रुल्ली) राहावं का?

एक रात्र मुक्काम करणार असाल तर जरूर जा. जवळच्या बारी शहराहून निघून अकराच्या सुमारास पोचायचं आणि चारला परत फिरायचं, असा बेत असेल तर मुलांना घेऊन जाऊ नका. सहलींच्या बस नेमक्या त्याच वेळात रिकाम्या होतात. रिओने मोंती या ट्रुल्लींच्या मुख्य वस्तीचा चढ माणसांनी भरलेला असतो आणि ४ वर्षांच्या मुलाला तिथून फक्त लोकांच्या पाठी दिसतात. तेच गाव सकाळी आठला किंवा संध्याकाळी सहानंतर बघा. गल्ल्या मोकळ्या असतात, ऊन डोळ्यांवर येत नाही, मुलांना पळता येतं.

निघण्याआधी ७ वर्षांच्या मुलाला ही घरं उभी कशी राहतात ते सांगा. नाहीतर दहाव्या टोकदार छपरानंतर 'आता घरी कधी जायचं' सुरू होईल. कोकणात घराभोवती मातीचुन्याशिवाय नुसते दगड रचून गडगा घालतात. ट्रुल्लो म्हणजे तोच गडगा वर नेऊन मिटवलेला. भिंती जाडजूड, कधी मीटरभराहून जास्त. त्यावर चपट्या चुनखडीच्या लाद्यांची कडी, मग तिच्यापेक्षा किंचित आत सरकवलेली दुसरी, मग तिसरी. शेवटी कडी इतकी लहान होते की एका दगडाने तोंड बंद होतं. आधाराला वासा नाही, आढं नाही. बाहेरच्या लाद्या बाहेरच्या बाजूला उतरत्या बसवतात, म्हणून पाणी आत येत नाही. पूर्वी छपरावरचं पाणी पन्हळीतून घराखालच्या टाकीत सोडत, कारण या चुनखडीच्या पठारावर पाऊस जमिनीत मुरतो, नदी-ओढा टिकत नाही. हॉटेलच्या टेबलावर चौकोनी बिस्किटांचं गोल छप्पर रचायला द्या. बिस्किट जास्त आत सरकवलं की सगळं कोसळतं, तेव्हा मुद्दा आपोआप समजतो.

चुना का नाही, याची गोष्टही मुलांना आवडते. नवी वस्ती वसवायची तर राजाची परवानगी आणि कर लागायचा. तो चुकवण्यासाठी जवळच्या कोन्व्हेर्सानोच्या आक्वाव्हिवा घराण्यातल्या सरदारांनी लोकांना बिनचुन्याची कोरडी घरंच बांधायला लावली, म्हणजे तपासणी आली की छप्पर पाडून मोकळं होता येईल, असं सांगतात. १७९७ मध्ये नेपल्सचा राजा चौथा फेर्दिनांद याने गावाला सरदारांच्या ताब्यातून सोडवलं. त्यानंतर चुना वापरून बांधलेलं पहिलं घर, 'काझा द'आमोरे', आजही मधल्या चौकाजवळ आहे.

बाबागाडी न्या, पण ती खालच्या लार्गो मार्तेल्लोत्ता या सपाट चौकापुरती. रिओने मोंतीत चढ आणि मध्येमध्ये पायऱ्या आहेत. शिवाय रस्त्याच्या चुनखडीच्या फरश्या वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. पावसाची एक सर आली की त्या शेवाळल्या घाटासारख्या होतात. सपाट तळाच्या चपला घरीच ठेवा, दोन्ही मुलांना रबरी तळव्याचे बूट घाला. धाकट्याला पाठीवर घ्यायची पिशवी असेल तर बाबागाडीची गरजच नाही.

आता मुक्काम. ट्रुल्लोत राहणं मुलांना फार आवडतं, पण बुकिंगच्या फोटोंत न दिसणाऱ्या चार गोष्टी मालकाला आधी विचारा. पहिली, पोटमाळ्याची. बऱ्याच ट्रुल्लींत शंकूच्या पोटात लाकडी माळा असतो, पूर्वी तिथे मुलंच झोपत किंवा धान्य ठेवत. आज तिथे 'मुलांसाठी बिछाना' म्हणून दाखवतात. चढायला उभी शिडी असते आणि कठडा असेलच असं नाही. ४ वर्षांच्या मुलाला तिथे झोपवू नका, खाली कोनाड्यातला पलंग मागा. दुसरी, अंगणातल्या टाकीच्या तोंडाला कुलूपबंद झाकण आहे का. तिसरी, शेतातला ट्रुल्लो घेत असाल तर पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का. चौथी, घर तापवायची आणि ओल काढायची सोय. हिवाळ्यात आत ओल धरते, धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला ते बाधतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र याच जाड भिंतींमुळे दुपारी आत छान गारवा असतो. भिंतींमुळे फोनला रेंज कमी मिळते, तेव्हा नकाशे आधीच उतरवून ठेवा.

आणि शेतातल्या कोरड्या बांधांवर मुलांना चढू देऊ नका. दगड सुटे असतात. छपरांचंही तसंच. काही गल्ल्यांत छप्पर मुलाच्या उंचीपर्यंत खाली आलेलं असतं आणि मोह होतो, पण एक लादी निसटली की आजूबाजूच्याही हलतात.

पाहायचा क्रम असा ठेवा. संध्याकाळी सान्ता लुचियाच्या गच्चीवर जा. समोरच्या उतारावर रिओने मोंतीची सगळी छपरं एकदम दिसतात. तिथे मुलांना छपरांवरच्या चुन्याच्या खुणा शोधायला लावा: क्रूस, चंद्र, बाणाने विंधलेलं हृदय. थोरल्याने टोकावरच्या दगडी गोट्यांचे प्रकार मोजावेत. सकाळी लवकर आया पिक्कोला ही ट्रुल्लींची दुसरी, लहान वस्ती. इथे दुकानं कमी, खरी वस्ती जास्त, म्हणून दारात डोकावू देऊ नका. त्यानंतर रिओने मोंती चढून वरचं सान्त आन्तोनियोचं ट्रुल्लोच्या आकाराचं चर्च. वाटेत जोड शंकूंचा 'सियामी' ट्रुल्लो लागतो. एकाच मुलीवर जीव जडलेल्या दोन भावांनी घर वाटून घेतलं आणि मागच्या गल्लीला दुसरं दार काढलं, अशी त्याची दंतकथा आहे. ट्रुल्लो सोव्रानो हा आतून दगडी जिना असलेला दुमजली ट्रुल्लो. वीस मिनिटांत होतो आणि जुन्या घरातलं सामान दिसतं. पाऊस असेल तर एकमेकांत उघडणाऱ्या १५ ट्रुल्लींचं काझा पेत्सोल्ला संग्रहालय बघा. 'वर या, गच्चीवरून फुकट बघा' असं दुकानदार बोलावतात. जायला हरकत नाही, पण खाली येताना काहीतरी घेण्याची अपेक्षा असते.

बारी ते अल्बेरोबेल्लो साधारण ५५ किलोमीटर. फेर्रोव्हिए देल सुद एस्तच्या रेल्वेने दीड ते दोन तास लागतात, रविवारी आणि सुट्टीला तिच्याऐवजी बस असू शकते, म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. स्टेशनपासून चौक दहा मिनिटांच्या चालीवर. मुलांसोबत भाड्याची गाडी बरी, पण इटलीत १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची सीट सक्तीची आहे, आणि ४ वर्षांखालच्या मुलासाठी 'मूल गाडीत राहिलं' असा इशारा देणारं उपकरणही लागतं. तुमच्या मुलांना फक्त सीट लागतील, त्या गाडी घेतानाच मागा. जुन्या भागात 'झेड-टी-एल' (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग) पाटीच्या आत गाडी घालू नका, कॅमेरा दंड घरी पाठवतो. निळ्या रेषांचं पार्किंग पैसे भरून, पांढऱ्या रेषांचं फुकट.

जेवणाच्या वेळा मुलांना जाचतात. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात, ती संध्याकाळी साडेसात-आठलाच उघडतात. दुपारीच बेकरीतून टोमॅटो-ऑलिव्हचा फोकाच्चा (चपटा, मऊ पाव) घेऊन ठेवा. शाकाहारी असाल तर हिरव्या भाजीतल्या ओरेक्किएत्ते या पास्त्यात बहुधा आन्चोव्ही मासा असतो, तो विचारून वगळायला सांगा. बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांचं घोटलेलं वरण आणि कडसर पालेभाजी, 'फावे ए चिकोरिया', मुलं भाकरीसारख्या पावाबरोबर खातात. मात्र घरात कुणाला जी-६-पी-डी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर हे दाणे अजिबात नकोत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी वाढली की, गाडी काढून कास्तेल्लानाच्या गुहांकडे जा. तीन किलोमीटरची पूर्ण फेरी ४ वर्षांच्या मुलाला झेपत नाही, एक किलोमीटरची छोटी फेरी घ्या. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास असतं, स्वेटर हाताशी ठेवा.