मायक्रोआरएनएची क्रीम घेऊ का?

प्रश्न : वय ४८. निपाणीकडं तंबाखूच्या रानात जन्म गेला, मानेवर सुरकुत्यांचं जाळं पडलंय. पोरगी म्हणते, मायक्रोआरएनएची क्रीम लाव. लावू का?

उत्तर : ताई, थांबा जरा. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतल्या आरएनए या रसायनाचा साधारण २२ अक्षरांचा चिटोरा. जनुकाकडून आलेल्या, प्रथिन बनवायच्या निरोपाला चिकटून तो प्रथिन बनणं रोखतो. १९९३ मध्ये तो एका बारीक जंतात सापडला. अँब्रोस आणि रुव्हकुन या शास्त्रज्ञांना २०२४ चं नोबेल त्यासाठीच. कातडी ताठ ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनावरही ‘मिर-२९’ नावाच्या मायक्रोआरएनएचा असाच लगाम असतो. पण हा सगळा कारभार पेशीच्या आत! उघडा आरएनए तर आपल्या बोटांवरच्या विकरांनीच (एन्झाइमांनीच) तुटतो, म्हणून प्रयोगशाळेत हातमोजे घालतात. डबीतला कुठवर टिकणार? पोलक्याच्या बाहीखालचा दंड बघा, मग मनगट. वय एकच, ऊन वेगळं; सुरकुत्या त्या उन्हाच्याच. रानात जाताना मानेला ओढणी गुंडाळा, सनस्क्रीन लावा.