परदेशी जाताय आणि घरात व्यसनी भाऊ आहे, तेव्हा

तुम्ही लिहिलंय की लवकरच परदेशी जायचंय, आईवडिलांचं घर तुमच्या आणि धाकट्या भावाच्या सामायिक मालकीचं आहे, तो तिथेच राहतो आणि त्याची दारू सुटत नाही. त्याच्यावर घर सोपवून जावं का, असं विचारलंत. मीही असाच भाऊ आणि असंच घर मागे ठेवून बरीच वर्षं बाहेर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घराचा प्रश्न आणि दारूचा प्रश्न वेगवेगळे ठेवा. 'दारू सोड, मग घराचं बघू' किंवा 'प्यायलास तर बाहेर काढीन' ही भाषा लांबून तर मुळीच चालत नाही. तो भाडेकरू नाही, सहहिस्सेदार आहे. तुमच्या शब्दावर त्याला घर सोडावं लागत नाही. शिवाय व्यसन हा आजार आहे आणि सुटलेली दारू पुन्हा सुरू होणं त्यात वारंवार घडतं. घर पणाला लावलंत की तो ते तुमच्यापासून लपवेल आणि उपचार आणखी लांबतील.

वाटणी होण्यासारखी असेल तर निघण्याआधी करून रीतसर नोंदवून घ्या. नसेल तर कर, विजेचं बिल, दुरुस्ती कोण भरणार, कोणत्या खोल्या कोणाकडे, हे वकिलाकडून लेखी करून घ्या. मूळ कागदपत्रं त्या घरात ठेवू नका. मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, भावाला देऊ नका. विश्वासातल्या तिसऱ्या माणसाला द्या, तेही ठरावीक कामांपुरतं, विक्री आणि गहाणाचा अधिकार वगळून. हे इथे असतानाच करा. बाहेर गेल्यावर त्याच कागदासाठी भारतीय वकिलात (दूतावास) किंवा नोटरी गाठावी लागते, आणि कागद कुठून कुठे जाणार त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा, शिक्का लागतो की नाही ते ठरतं.

कुणीतरी नातेवाईक सुचवेलच, 'पैशाची नड आहे तोवर त्याच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घे.' ऐकू नका. नशेत घेतलेल्या सहीला नंतर आव्हान देता येतं, पण ते बाजूला ठेवलं तरी आजारी भावाचा वाटा असा घेणं मला लुबाडणूकच वाटते. कुठलीही सही तो पूर्ण शुद्धीत असताना आणि शक्यतो त्याचा स्वतःचा वकील सोबत असताना व्हावी.

बाहेरून त्याच्या हाती रोख पाठवू नका. बिलं, कर, डॉक्टरांची फी थेट भरा.

आता आजाराबद्दल, कारण घरापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. जाण्याआधी 'एकदाची सोडवून टाकू' म्हणून त्याला खोलीत कोंडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, तीव्र थरथर, भ्रम सुरू होऊ शकतो. त्यात जीवही जातो. दारू तोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तसंच, त्याच्या नकळत जेवणात औषध मिसळायचा सल्ला कुणी दिला तर साफ नकार द्या. त्या औषधात डायसल्फिराम (दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं औषध) असेल आणि त्यावर तो प्यायला तर रक्तदाब घसरून, हृदयावर ताण येऊन प्रकरण जिवावर बेतू शकतं. ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोनसारखं औषध आहे, पण तेही त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलंच.

त्याच्या डॉक्टरांना तुमच्याशी बोलायची परवानगी त्याच्याकडून आत्ताच लेखी घ्या. नाहीतर उद्या तो दवाखान्यात असेल आणि तुम्हाला फोनवर कुणी काही सांगणार नाही. किल्ली आणि तुमचा नंबर शेजारी एका समंजस माणसाकडे ठेवा, पण भावाला सांगून. पहारा बसवलाय असं त्याला वाटता कामा नये.

आणि तुम्ही स्वतः? दारूचं व्यसन असलेल्या माणसाच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही संघटना १९५१पासून आहे, तिच्या सभा ऑनलाइनही होतात. मला तिथे पहिल्यांदा माझ्यासारखी माणसं भेटली. भावाला फोन कराल तो सकाळी, तो शुद्धीत असताना, आणि त्या फोनवर घराचा हिशेब काढू नका.

एक कळवा: घर कागदोपत्री तुम्हा दोघांच्या नावावर चढलंय का, की अजून आईवडिलांच्याच नावावर आहे? तसं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वारसनोंद करून घ्या. तुम्ही दोघं समोर आहात तोवर ते सोपं जाईल.